1 जुलैवाले

आमच्या मार्च 1983 च्या दहावीच्या तुकडीतले जे शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी झाले, त्यातले बरेच जण 30 जून 2025 ला एकाच दिवशी रिटायर झाले. हा योगायोग नव्हे. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात त्यांच्या नावापुढे एकच तारीख आहे, 1 जुलै 1967. त्याखाली अक्षरी, ‘एक जुलै एकोणीसशे सदुसष्ट’. एक तारखेचा जन्म असला की निवृत्ती आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी, आणि राज्याच्या नोकरीत वय 58. वर्ग चारला 60. म्हणून त्याच तारखेचा शिपाई झालेला वर्गमित्र 2027 पर्यंत कामावर.

ही तारीख पहिलीच्या गुरुजींची देणगी. बाप सांगे, पोरगा तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाला, नाहीतर कपाशीत पहिलं डवरण चालू होतं तेव्हा. साल विचारलं की गप्प. मग पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागतो का बघायचं. लागला की सहा वर्षं पूर्ण. शाळा जूनअखेर उघडायची, तेव्हा सहा वजा करून टाका 1 जुलै. हीच तारीख चौथीच्या टी.सी.वरून पुढे सरकली, बोर्डाच्या सनदेवर गेली आणि शेवटी सेवापुस्तकात जाऊन बसली. नोकरीला लागल्यावर पाच वर्षांत अर्ज केला नाही, तर मग ती हलत नाही. बहुतेकांना हा नियम कळला तेव्हा वीस वर्षं झाली होती.

खरी तारीख कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत सापडू शकते, तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये. अडचण अशी की तिथे पोराचं नाव नसतं, बापाच्या नावापुढे नुसतं ‘मुलगा’. तीन भाऊ असले तर त्यातला आपण कोणता, हे घरातल्या म्हातारीलाच विचारायचं.

30 जूनवाल्यांची वार्षिक वेतनवाढ 1 जुलैला पडते, म्हणजे एका दिवसाने हुकायची. वर्षभर काम केलं, वाढ मात्र नाही. एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी वाढ द्यावी असा निकाल दिला. पेन्शनच्या कागदांत ती धरली आहे की नाही, हे ज्याने त्याने तपासावं.

शेती करणाऱ्यांना निवृत्ती नाही, उलंगवाडी, म्हणजे हंगामाची अखेर, तेवढी दरवर्षी होते. त्यांचा घोळ निराळा. आधार काढताना हाती दाखला नव्हता, म्हणून ऑपरेटरने 1 जानेवारी टाकली. शाळेत 1 जुलै, आधारवर 1 जानेवारी, कधी सालही वेगळं. 65 पूर्ण झाल्यावर श्रावणबाळ निवृत्तीवेतनाचा अर्ज करायचा, तेव्हा हा फरक पुढे येणार. आधारवर जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते. म्हणून आधी दाखल्याचा उतारा घ्या, मगच केंद्रावर जा. अंदाजाने तारीख सांगून आलात, तर ती एक संधी गेली.

मुलींचं तर नावच बदललं. रजिस्टरात बापाचं नाव, आधारवर नवऱ्याचं, सातबाऱ्यावर वारस म्हणून कधी एक तर कधी दुसरं. जुन्या रजिस्टरात आईच्या नावाचा रकानाही नसतो. विवाह नोंदणीचा दाखला असला तर काम भागतं, नाहीतर शपथपत्र आणि राजपत्र. जी दहावीला बसलीच नाही, तिचं नाव बोर्डाच्या यादीत शोधू नका. शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेतली माजी विद्यार्थ्यांची यादी आठवीच्या हजेरीवरून करा, असं माझं म्हणणं त्यासाठीच आहे.

आता वर्गमित्र शाळेत येतात ते बहुधा मुलाच्या किंवा पुतण्याच्या जात पडताळणीसाठी. ओबीसींना 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांना 1961, अनुसूचित जातींना 1950. म्हणजे आमचा दाखला पुरत नाही, आमच्या बापाचा लागतो. दाखल्याच्या अर्जात गाव, दाखल साल आणि आधीच्या शाळेचं नाव लिहा. आडनाव त्या काळी लिहितच असत असं नाही, म्हणून बापाच्या व आजोबाच्या नावाने शोधायला सांगा. जूनमध्ये शाळेच्या बाबूजींना (कारकुनांना) प्रवेशांतून मान वर करता येत नाही. दिवाळीनंतर या.

आणि महोत्सवाच्या निधीतून रजिस्टरांचं बाइंडिंग करायचं ठरलं आहे, तर आधी प्रत्येक पान स्कॅन करून घ्या. बाइंडिंगवाला कडा सरळ करायला पातं चालवतो, आणि दाखल क्रमांक असतो तो नेमका डाव्या कडेला.