भाजीच्या टेम्पोमागे, सलग पट्टीवर

गेल्या रविवारी भाचीला घेऊन गोव्यातल्या केरीहून चोर्ला घाट चढलो. तिचं लर्निंग लायसन्स आहे, गाडीला एलचा बोर्ड लावलेला, आणि पुढे बेळगावला परत जाणारा रिकामा भाजीचा टेम्पो 20 च्या स्पीडने. मागे दोन रेंटच्या गाड्या सारख्या हॉर्न मारतायत. ती म्हणाली, मामा, समोरून कोणच नाही, काढू काय? म्हटलं आधी रस्त्याच्या मधली पट्टी बघ. सलग होती. मग नाही काढायची.

ती जरा चिडलीच, रस्ता रिकामा दिसत होता ना. पण दिसत होता तो वळणापर्यंत, 50-60 मीटर फार तर. इंडियन रोड्स काँग्रेस, म्हणजे रस्त्यांचे मापदंड ठरवणारी संस्था, तिच्या हिशेबात 60 च्या स्पीडला ओव्हरटेक करायचं तर समोर साधारण 300 मीटर रस्ता दिसायला हवा, कारण तुम्ही पुढे जाताय तेवढ्या वेळात समोरचाही तुमच्याकडे येतोय. जिथे पुरेसं दिसत नाही तिथे सलग पट्टी, पांढरी असो की पिवळी. खूप लोकांना वाटतं ती पोलिसांसाठी मारलीय. मलाही वाटायचं, आणि याच घाटात बाईकवर असताना मी ती ओलांडून एका ट्रकला काढायला गेलो, वळणावरून बस आली, त्या ड्रायव्हरने बस पार कडेच्या मातीत घातली म्हणून आज हे लिहितोय. चूक पूर्ण माझी होती.

तुटक पट्टी असेल तर ओलांडता येते, आरसा बघून, इंडिकेटर देऊन. पण पुढचा रस्ता मोकळा आहे असं ती सांगत नाही, ते तुम्हीच बघायचं. वळण जवळ आलं की पट्टीचे तुकडे लांब होतात आणि मधली जागा कमी होते, ते दिसलं की ओव्हरटेकचा विचार सोडायचा. आणि दोन पट्ट्या शेजारी शेजारी, एक सलग एक तुटक? आपल्या बाजूला जी आहे ती आपली. घाटात एकाच जागी चढणाऱ्याला ओव्हरटेक चालतं आणि उतरणाऱ्याला नाही, ते त्यामुळेच, दोघांना दिसणारा रस्ता वेगळा असतो.

सिग्नलचं थोडक्यात: आडव्या जाड पट्टीच्या अलीकडे थांबायचं, झेब्रावर चाक नको. चौकात पिवळ्या रेघांची जाळी असेल तर पलीकडे जागा झाल्याशिवाय आत शिरायचंच नाही, सिग्नल हिरवा असला तरी. 1989 चे जुने नियम जाऊन 2017 ला नवीन ड्रायव्हिंग रेग्युलेशन्स आली, पण माझ्या बघण्यातल्या कुठल्याच ड्रायव्हिंग क्लासमध्ये हे कोणी बसून समजावत नाही, आठ काढायला शिकवतात आणि सोडतात.

आता पावसाचं, कारण आपल्याकडे चार महिने तोच आहे. पट्टीचा रंग म्हणजे वितळवलेलं थर्मोप्लास्टिक, ते गरम असतानाच वरून काचेचे बारीक मणी टाकतात, हेडलाईटचा उजेड ते परत आपल्याकडे फेकतात म्हणून रात्री पट्टी चमकते. मण्यांवर पाण्याचा थर बसला की उजेड भलतीकडेच जातो आणि पट्टी गायब. अशा वेळी समोरच्याच्या लाईटने डोळे दिपले तर त्याच्याकडे बघत बसू नका, स्पीड कमी करा आणि डावीकडची कडेची पांढरी रेघ शोधा, तिच्या आधाराने चला. मी साखळी गावापर्यंत कितीतरी रात्री असाच आलोय.

आणि चवथीच्या आधी खड्डे बुजवून डांबर टाकतात तिथे कित्येक दिवस पट्टीच नसते, नवीन काळा गुळगुळीत रस्ता, सगळे सुसाट. तिथे वळण आलं की मी मध्ये सलग पट्टी आहे असंच धरतो. भाचीला तेच सांगितलंय. त्या दिवशी टेम्पो शेवटपर्यंत पुढेच होता, वर चढेपर्यंत ती त्याच्या मागेच राहिली.