दांडिया बाजारातील वाड्यात मॉडेलिंग ॲम्प

बडोद्यात दांडिया बाजाराच्या परिसरात मराठी घरे जुनी आहेत आणि गणेशोत्सवाच्या दिवसांत भावगीतांचे, भक्तिगीतांचे कार्यक्रम करणारे आमच्यासारखे हौशी गटही कमी नाहीत. आमच्या गटात मी अनेक वर्षे अकूस्टिक गिटार वाजवत होते. ढोलकी आणि की-बोर्ड यांच्यापुढे तिचा आवाज पोहोचत नसे आणि तिच्यासमोर मायक्रोफोन ठेवला की तो शिट्टी मारू लागे, म्हणून अखेर इलेक्ट्रिक गिटारकडे वळायचे ठरले. स्ट्रॅटोकास्टर घडणीची, तीन सिंगल-कॉइल पिकअप (तारांची कंपने टिपणारी, एकेका गुंडाळीची चुंबके) असलेली एक मध्यम किमतीची गिटार घेतली. तिची निवड एका संध्याकाळी झाली. खरा विचार करावा लागला तो ॲम्पचा, म्हणजे तिचा आवाज वाढवणाऱ्या यंत्राचा.

व्हॉल्व्हचे ॲम्प काचेच्या नळ्यांवर चालतात आणि त्यांचा भरीव सूर आवाज बराच वाढवल्यावरच निघतो. भिंतीला भिंत लागून असलेल्या वाड्यात ते शक्य नव्हते. शिवाय अशा एका ॲम्पमधून बहुधा एकाच घराण्याचा, म्हणजे एकाच कंपनीच्या धाटणीचा सूर मिळतो: फेंडरचा स्वच्छ आणि चमकदार, व्हॉक्सचा किणकिणता, मार्शलचा खरखरीत. यातली गंमत अशी की मार्शलचा 1962 सालचा पहिला ॲम्प, जेटीएम 45, हा फेंडरच्या बासमन ॲम्पचे सर्किट समोर ठेवूनच बनवला होता; सुटे भाग आणि स्पीकर वेगळे पडले आणि त्याचा सूर स्वतंत्र झाला. मॉडेलिंग ॲम्प अशा फरकांचे गणित मांडतो. गिटारचा सिग्नल तो आकड्यांत बदलून घेतो, अमुक सर्किटमधून गेल्यावर त्याचे काय झाले असते याचा हिशेब करतो आणि उत्तर पुन्हा विजेच्या लहरींत बदलून स्पीकरकडे पाठवतो. रोलंड कंपनीची व्हीजी-8 ही गिटारसाठीची मॉडेलिंग यंत्रणा 1995 साली आली, लाइन सिक्सचा पहिला मॉडेलिंग ॲम्प 1996 साली आणि त्याच कंपनीचा पॉड हा मॉडेलिंगचा लाल डबा 1998 साली. म्हणजे हे तंत्र आता चांगले मुरलेले आहे. मी बॉस कंपनीचा कटाना 50, त्याच्या दुसऱ्या आवृत्तीतला, निवडला. बारा इंची एक स्पीकर, पन्नास वॅट, पाच प्रकारचे ॲम्प-सूर आणि पाच विभागांत इफेक्ट, म्हणजे सुरावर चढवायचे संस्कार. पण मला सर्वांत उपयोगी वाटली ती शक्ती अर्ध्या वॅटपर्यंत खाली आणण्याची सोय.

घरी ॲम्प सुरू करताच जी घरघर ऐकू आली, तिचा निकाल लावल्याखेरीज सुरांकडे वळण्यात अर्थ नव्हता. गिटारवरचे व्हॉल्यूमचे बटण शून्यावर आणले की घरघर थांबत होती, त्यामुळे दोष ॲम्पमध्ये नाही हे स्पष्ट झाले. तारांना हात लावला की ती कमी होत होती आणि हात काढला की पुन्हा वाढत होती, त्यावरून अर्थिंगची शंका आली. वायरमनला बोलावून बोर्ड उघडला, तेव्हा तीन पिनांच्या सॉकेटमधील अर्थचे भोक केवळ शोभेचे निघाले. त्याच्या मागे वायरच नव्हती. आपल्याकडे अशा वेळी तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा जोड लावून काम भागवण्याची पद्धत आहे. गिटारच्या बाबतीत ती जिवावर बेतू शकते, कारण गिटारच्या तारा केबलमधून थेट ॲम्पच्या धातूच्या सांगाड्याशी जोडलेल्या असतात आणि सांगाड्यात वीज उतरली तर ती वाजवणाऱ्याच्या बोटांपर्यंत येते.

अर्थिंग झाल्यावर घरघर बरीच उतरली, पण एक बारीक, कर्कश भुणभुण मागे राहिली. ती पंख्याच्या रेग्युलेटरची होती. गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर पंख्याचा वेग कमी करण्यासाठी विजेची प्रत्येक लहर मध्येच तोडून देतो आणि त्या तुटण्याचा आवाज सिंगल-कॉइल पिकअप हवेतून टिपतो. पंखा पूर्ण वेगाने लावला की भुणभुण जवळजवळ जाते, म्हणून बडोद्याच्या मे महिन्यात माझी आणि गिटारची सोय एकच झाली. पिकअप निवडण्याचा खटका दुसऱ्या किंवा चौथ्या जागी ठेवला तर उरलेली घरघरही घटते, कारण माझ्या गिटारमध्ये मधला पिकअप उलट गुंडाळलेला आहे आणि जोडीने वाजताना दोघांनी टिपलेला गोंगाट एकमेकांना छेद देतो. ॲम्पमध्ये गोंगाट दाबणारी यंत्रणाही आहे, परंतु ती केवळ सूर थांबल्यावरच्या शांततेवर काम करते आणि जास्त कडक लावली तर सुराचे शेपूटच कापते. संथ भावगीताला तसे कापलेले सूर अजिबात शोभत नाहीत.

यानंतर मी सगळे इफेक्ट बंद केले. नव्या माणसाने सुरुवात येथूनच करावी असे माझे ठाम मत आहे, कारण कंपनीने भरून दिलेले सूर दुकानात भुरळ पाडण्यासाठी असतात. त्यांत रिव्हर्ब (घुमारा) आणि डिले (प्रतिध्वनी) इतके असते की आपले बोट कोठे चुकते हे कानाला कळतच नाही. क्लीन हा प्रकार लावून, बास, मिडल आणि ट्रेबल ही तिन्ही बटणे मध्यावर ठेवून मी केवळ गेन, व्हॉल्यूम आणि मास्टर यांचा संबंध समजून घेतला. ही तिन्ही बटणे आवाज वाढवतात असे वरवर वाटते, पण गेन हा सिग्नल आतल्या प्रीॲम्पवर, म्हणजे सूर घडवणाऱ्या पहिल्या टप्प्यावर, किती जोराने आदळावा हे ठरवतो, व्हॉल्यूम त्या सुराची पातळी ठरवतो आणि मास्टर शेवटी खोलीत किती आवाज जावा ते. क्रंच या प्रकारावर गेनचे बटण घड्याळातल्या दहा वाजण्याच्या जागी ठेवले असता हळू छेडलेली तार स्वच्छ वाजते आणि तीच तार जोराने छेडली की किंचित चिरकते. हा फरक बोटांना कळू लागला, तेव्हा ॲम्प माझ्या वादनाला उत्तर देतो आहे असे प्रथम वाटले.

गेन आणखी वाढवल्यावर आमच्या गाण्यांतील नेहमीचे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवलेले तीन-चार सूर, गढूळ होऊ लागले, आणि त्याचे कारण गाणे शिकलेल्या माणसाला चटकन पटेल असे आहे. गेन वाढला की लहरीचे माथे छाटले जातात आणि मूळ सुरात नसलेले स्वरांश तयार होतात. एकच सूर वाजत असेल तर ही भर गोड लागते, परंतु एकाच वेळी दोन-तीन सूर वाजले की त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजा आणि वजाबाक्याही ऐकू येतात. षड्ज आणि पंचम यांचे प्रमाण दोनास तीन. त्यांची वजाबाकी एक, म्हणजे खालच्या सप्तकातला षड्जच. त्यामुळे सा-प ही जोडी कितीही गेनवर खणखणीत राहते. शुद्ध गांधार मात्र गिटारच्या पडद्यांवर नैसर्गिक गांधारापेक्षा सुमारे 14 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढा असतो, त्याच्या वजाबाक्या कॉर्डमधील कोणत्याच सुराशी नीट जुळत नाहीत आणि कॉर्डचा चिखल होतो. तेव्हापासून पूर्ण कॉर्ड क्लीनवर आणि गेनवर फक्त सा-प किंवा एकेरी सूर, अशी वाटणी मी पक्की केली.

इफेक्ट मी एकेक करून परत आणले. त्यांचा क्रम महत्त्वाचा असतो: बूस्टर (सिग्नल वाढवणारा), वाह (सुराला ‘वा-वा’ असा उच्चार देणारा) यांसारखे इफेक्ट प्रीॲम्पच्या आधी, आणि डिले, रिव्हर्ब नंतर. डिले आधी ठेवला तर मूळ सूर आणि त्याची आवर्तने एकत्रच छाटली जातात आणि एकमेकांत मिसळून त्यांची गर्दी होते. नंतर ठेवला तर छाटलेला सूर तयार होऊन मग त्याचे स्वच्छ प्रतिध्वनी उठतात. डिलेची वेळ ठरवण्यासाठी आमचे तबल्याचे काका कामी आले. मिनिटाला शंभर मात्रांची लय असेल तर एक मात्रा 600 मिलिसेकंदांची होते, आणि डिले पाऊण मात्रेवर, म्हणजे 450 मिलिसेकंदांवर ठेवला तर प्रतिध्वनी ठेक्याच्या फटींत पडतो आणि गिटार एकटी असूनही भरून वाटते. काकांनी अर्थात मिलिसेकंद मोजले नाहीत. ते हाताने लय देत राहिले, मी डिलेची वेळ नोंदवणारे टॅपचे बटण त्या लयीत दाबत राहिले आणि "आता बसला," असे त्यांनी सांगितल्यावर थांबले. एका गिटारच्या जागी अनेक वाजल्याचा भास देणारा कोरस भावगीताला थोडाच लागतो. सुराला घोंघावते वळण देणारा फ्लँजर मी एकदा ऐकून बंद केला.

पुढची पायरी संगणकाची होती. बॉसचे टोन स्टुडिओ हे सॉफ्टवेअर आणि ॲम्पचा ड्रायव्हर आधी उतरवून घ्यावा लागतो, आणि जोडणीसाठी प्रिंटरला लागते तशी चौकोनी तोंडाची यूएसबी केबल लागते. ॲम्पवरच्या बूस्टर, डिले वगैरे बटणांना हिरवा, लाल आणि पिवळा असे तीन रंग आहेत. प्रत्येक रंगामागे कोणता इफेक्ट असावा हे येथे बदलता येते. काही बदलण्याआधी ॲम्पमधले मूळ सूर फाइल करून ठेवावेत, म्हणजे निर्धास्तपणे मोडतोड करता येते.

घरी अर्ध्या वॅटवर घडवलेले सूर तालमीच्या सभागृहात पन्नास वॅटवर ओळखू येईनात. बास फुगला आणि ट्रेबल कानाला टोचू लागला. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 सालीच दाखवून दिले होते की हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज आणि तार दोन्ही कमी ऐकू येतात. घरी ती उणीव भरून काढण्यासाठी वाढवलेली बटणे मोठ्या आवाजात उघडी पडतात. मी सभागृहातच बसून सूर नव्याने लावले: बास नऊ वाजण्याच्या जागी, मिडल मध्यापेक्षा थोडा वर, आणि रिव्हर्ब जवळजवळ बंद, कारण सभागृहाचा घुमारा आधीच पुरेसा होता. गाणाऱ्या ताईंची तक्रार तरीही होती की अंतऱ्यात गिटार त्यांच्या शब्दांवर चढते. ॲम्प जमिनीवर ठेवला होता आणि बारा इंची स्पीकरचे तार स्वर सरळ समोर झोत टाकल्यासारखे जातात; माझ्या कानापर्यंत ते येतच नव्हते, म्हणून मी ट्रेबल वाढवत होते आणि ते सर्व ताईंना व पहिल्या रांगेला मिळत होते. ॲम्प लाकडी स्टुलावर माझ्याकडे तिरका करून ठेवला, ट्रेबल उतरवला आणि ताईंचे शब्द मोकळे झाले.

ॲम्पमध्ये चार सूर जतन करता येतात; हवे ते लावून चॅनेलचे बटण क्षणभर दाबून धरले की झाले. पहिल्या जागी कॉर्डसाठी क्लीन आणि चिमूटभर कोरस आहे, दुसऱ्या जागी काकांच्या लयीवर बसवलेला डिले, तिसऱ्या जागी मधल्या संगीतासाठी क्रंच. चौथ्या जागी ब्राऊन हा प्रकार भरपूर गेन देऊन ठेवला आहे. आमच्या कार्यक्रमांत त्याला स्थान नाही, पण शेजारच्या काकू दुपारी बाहेर पडल्या की अर्ध्या वॅटवर तो मी वाजवतेच.