डोंगराचं टोक कुणी कापलं?

मे महिन्यात आमच्या सोसायटीतल्या पोरांना मी चित्रकला शिकवते, फुकट, आणि त्यांच्या आयांना दोन तास शांतता मिळते म्हणून मला अधूनमधून पन्हं मिळतं. पहिल्या दिवशी म्हटलं निसर्गचित्र काढा, तर अकराच्या अकरा कागदांवर तेच! दोन त्रिकोणी डोंगर, मधे अर्धा सूर्य, खाली नागमोडी नदी, कौलारू घर आणि वर मराठी चारच्या आकड्यासारखे पक्षी. आपणही हेच काढायचो म्हणा. पण यातल्या एकाही पोराच्या घरातून नदी दिसत नाही.

मग सगळी वरात गच्चीवर नेली. आमच्या गच्चीवरून सिंहगड दिसतो. विचारलं, सांगा कुठला आकार? सगळे एका सुरात, त्रिकोण! अरे नीट बघा की, टोक कुठंय? दोन मिनिटं शांतता, मग पाचवीतली एक म्हणाली, "काकू, टोक कुणीतरी कापलंय." बरोब्बर, समलंब चौकोन! सह्याद्री म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे आडवे थर, एकावर एक, म्हणून माथे सपाट आणि उतार पायऱ्या पायऱ्यांचे. सपाट माथ्यामुळे तर गडावर वस्ती करता आली. हे सांगितल्यावर पोरं जरा जास्त डोळे फाडून बघायला लागली.

खाली आल्यावर डायरेक्ट रंग नाही दिले, आधी घोटीव कागदाचे आकार कापायला लावले. कापलेला तुकडा सरकवता येतो ना, पेन्सिलीची रेघ एकदा मारली की पोरं तिला चिकटून बसतात. पाण्याची टाकी म्हणजे सिलिंडर, आंब्याचं झाड म्हणजे तीन गोल एकमेकांवर चढलेले, आणि समोरच्या बिल्डिंगी, आयत, आयत, आयत, अर्धा कागद त्यातच गेला. सेझान नावाच्या फ्रेंच चित्रकाराने १९०४ च्या एका पत्रात निसर्गाला सिलिंडर, गोल आणि शंकू असं बघायला सांगितलंय, पण त्याला बिल्डर भेटला नव्हता.

मग एकच निळा रंग. सगळ्यात मागच्या डोंगराला भरपूर पाणी घालून फिक्का, तो पूर्ण वाळू द्यायचा, मग पुढचा थोडा गडद, मग त्याच्या पुढचा. "पूर्ण वाळू द्या" हे मी किमान तीस वेळा ओरडले असेन. तरी तिघांचे डोंगर एकमेकांत घुसलेच, आणि खरं सांगू, पावसाळ्यातल्या ढगांसारखे इतके छान दिसायला लागले की मी गुपचूप बसले.

सगळ्यात धाकटा, पहिलीतला, त्याने मात्र सिंहगडाच्या मागे एक अणकुचीदार त्रिकोण ठोकलाच. म्हटलं, अरे आत्ताच काय बोललो आपण? तर म्हणे, "काकू, तो हिमालय आहे, लांब आहे ना, म्हणून सगळ्यात फिक्का केलाय."