सुक्या बियांवरून गाजर कुलातील रानवनस्पती ओळखताना

गाजर कुलातील रानवनस्पती फुलोऱ्यावर असताना ओळखणे कठीण असते, कारण बारीक चिरलेली पाने आणि पांढऱ्या फुलांच्या छत्र्या अनेक जातींमध्ये सारख्याच दिसतात. माझ्या मते या कुलाची खरी ओळख पटते ती झाड वाळल्यावर, देठांच्या टोकाला उरलेल्या बियांमध्ये. व्यवहारात आपण त्यांना बिया म्हणतो. प्रत्यक्षात ती फळे असतात आणि पिकल्यावर प्रत्येक फळाचे दोन फलांश होतात. पुष्कळ जातींत हे फलांश मधल्या दुभंगलेल्या बारीक दांडीला काही काळ लोंबत राहतात. धण्याचे फलांश मात्र सहजी सुटत नाहीत, म्हणून तो गोल दिसतो.

दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन फलांशाची फुगीर बाजू पाहिली, की सहसा पाच उभे कंगोरे दिसतात: तीन पाठीवर आणि दोन कडांना. कंगोऱ्यांमधल्या खाचांखाली बहुधा तैलनलिका, म्हणजे सुगंधी तेलाच्या बारीक नळ्या, असतात. आकारमान आणि रंग यांवर मी फारसा विसंबत नाही, कारण एकाच छत्रीतली फळेही लहानमोठी निघतात आणि उन्हापावसाने रंग बदलतो. कंगोरे आणि नलिका यांची मांडणी मात्र सहसा बदलत नाही.

हेराक्लियम या कुलातल्याच प्रजातीची फळे चपटी, कडेला पातळ पंखासारखी असतात आणि त्यांच्या तैलनलिका नुसत्या डोळ्यांनाही काळपट रेघांसारख्या दिसतात. या रेघा वरून निघून तळाच्या बऱ्याच वर थांबतात आणि शेवटी जाड होतात. पार्सनिप या गाजरासारख्या कंदभाजीचे फळही चपटे असते; पण त्याच्या रेघा सडसडीत असून जवळजवळ तळापर्यंत पोहोचतात. रानगाजराच्या प्रत्येक फलांशावर काट्यांच्या चार स्पष्ट ओळी असतात, तर टोरिलिस या दुसऱ्या प्रजातीच्या फळावरचे काटे दाट असल्याने ओळी सहसा वेगळ्या कळत नाहीत. स्कँडिक्स ही प्रजाती ओळखायला भिंगही लागत नाही, कारण फळापेक्षा त्याची टोकाची चोचच कितीतरी लांब असते.

सर्वांत जास्त वेळ द्यावा तो विषारी हेमलॉकला, म्हणजे कोनियम मॅक्युलॅटमला. त्याचे फळ सुमारे तीन मिलिमीटर लांब, अंडाकृती आणि गुळगुळीत असते. त्याचे कंगोरे सरळ नसून लाटांसारखे वळणदार असतात, विशेषतः फळ पूर्ण पिकण्याआधी. शंका राहिलीच तर फळ पाण्यात भिजवून नव्या पात्याने आडवे कापावे: पक्व फळात ठळक तैलनलिका आढळत नाहीत आणि दोन फलांश जिथे जुळतात त्या बाजूला आतला गर खोल खाच पडलेला दिसतो. अ‍ॅनिस या बडीशेपेसारख्या मसाल्याच्या मालात पूर्वी हेमलॉकची फळे मिसळलेली सापडत. अ‍ॅनिसचे फळ मात्र बारीक लवदार असते आणि त्यात तैलनलिकांची दाटी असते. हेमलॉकच्या फळांतील कोनीन हे विष वाळल्यानेही पूर्णपणे जात नाही, त्यामुळे चव घेऊन ओळखण्याची पद्धत मी या कुलापुरती सर्वस्वी वर्ज्य मानतो आणि कापल्यानंतर पाते व हात धुतल्याशिवाय दुसरा नमुना हाती घेत नाही.

हिरव्या, अर्धवट भरलेल्या फळांवर ही पद्धत चालत नाही, कारण त्यांचे कंगोरे सुकताना आक्रसतात आणि सुरकुत्याच कंगोऱ्यांसारख्या भासतात. म्हणून नमुना घेताना छत्रीच्या मध्यभागातील नव्हे, तर कडेची पूर्ण भरलेली फळे देठासह घ्यावीत. छत्रीच्या बुडाशी छदे, म्हणजे लहान पानांसारखे भाग, आहेत की नाहीत हेही त्याच वेळी टिपून ठेवावे, कारण सुटी फळे पाकिटात गेल्यावर ही माहिती पुन्हा मिळत नाही.