आमची वाटचाल, आणि त्यातली ती एक रात्र

2008 च्या पाडव्याला सांगलीच्या विश्रामबागेत पहिल्या मजल्यावर एक खोली घेतली, अडत्यांच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर करायला. दोन टेबलं, एक जुना संगणक, प्रोग्रॅम लिहायच्या व्हीबी सिक्सची सीडी, टीव्हीएसचा एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि एक भागीदार. प्रिंटर अजून आहे. भागीदार 2013 मध्ये पुण्याला गेला. त्याबद्दल माझी तक्रार नाही, पण फर्मचं नाव त्याने ठेवलेलं आणि पाटी मी रंगवून घेतलेली, एवढं लिहून ठेवतो.

तो आधी मार्केट यार्डात अडत दुकानात कारकून होता. पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा छापील हिशेब, कशी निघते, हमाली, तोलाई कुठे धरायची, हे त्याने मला शिकवलं. कोड मी लिहायचो, पण चूक तो काढायचा, तीही स्क्रीनकडे न बघता. नुसता प्रिंटरचा आवाज ऐकून म्हणायचा, "ओळ जास्त आली बघ." आणि खरंच तोलाई दोनदा पडलेली असायची.

गिऱ्हाइकांचे पासवर्ड त्याच्या डायरीच्या शेवटच्या पानावर असायचे, उलट्या क्रमाने लिहिलेले. मी हसायचो, कारण माझ्याकडे त्याहून सोपी पद्धत होती: सगळ्या गिऱ्हाइकांना डेटाबेसचा एकच पासवर्ड, तोही सरळ कोडमध्ये. आज कळतं, ती डायरी नंतरच्या दहा वर्षांतल्या आमच्या कुठल्याही व्यवस्थेपेक्षा बरी होती. ती निदान त्याच्या खिशात असायची.

हळदीच्या अडतीपासून सुरुवात केली, मग बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजकडे वळलो. लॉट, बॉक्स, भाडं, उचल, सौदा झाल्यावर शेतकऱ्याला मेसेज. मधली वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. 2019 च्या पुरात आम्ही बुडालो असं अजून काहीजण समजतात. आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं होतं, गावाचे हाल झाले, पण आमची खोली वरच्या मजल्यावर. नवीन धंदा टाकणाऱ्याला फुकटचा सल्ला: सांगलीत तळमजल्याचं भाडं कितीही कमी असलं तरी घेऊ नका, आणि यूपीएसची बॅटरी जमिनीवर ठेवू नका.

आम्ही बुडता बुडता राहिलो ते 2022 च्या दिवाळीत.

बेदाण्यातल्या लोकांना सांगायला नको, दिवाळीला सौदे बंद ठेवून झिरो पेमेंट करतात. सगळ्यांची येणी-देणी मिटवायची. आमच्या सॉफ्टवेअरवर वर्षातला सगळ्यात मोठा ताण तेव्हाच. ऑफिसचा एक मुलगा तासगावला घरी गेला होता. हुशार, कामसू, आजही आमच्याकडेच आहे. आमचा रेपो, म्हणजे गिट नावाच्या व्यवस्थेत जुन्या बदलांसकट ठेवलेला कोड, ऑफिसच्या मशीनवर, बाहेरून जोडायला फार संथ. म्हणून त्याने कोड इंटरनेटवरच्या स्वतःच्या खात्यावर चढवला. खाजगी करायचा राहिला.

आता लोक लगेच म्हणतात, पासवर्ड ठेवायची डॉट ईएनव्ही फाइल गेली असणार. नाही. ती गिटइग्नोरमध्ये, म्हणजे रेपोत न घ्यायच्या फाइलींच्या यादीत, होती, एवढं आम्हाला येत होतं. गेली ती दुसरीच. व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरमध्ये एफ फाइव्ह दाबून प्रोग्रॅम तपासायचा तर त्याची सेटिंग्ज डॉट व्हीएसकोड फोल्डरमधल्या लाँच डॉट जेसनमध्ये असतात, आणि त्यात एन्व्हायर्नमेंटचा, म्हणजे प्रोग्रॅमला सुरू होताना द्यायच्या माहितीचा, एक कप्पा असतो. बॅकअपचं गणित का चुकतंय ते बघायला त्या मुलाने क्लाउडची की, म्हणजे इंटरनेटवर भाड्याने घेतलेल्या मशिन्सची पासवर्डसारखी किल्ली, सहा महिन्यांपूर्वी तिथे चिकटवली होती. तो फोल्डर सगळ्यांच्या सेटिंग्ज सारख्या राहाव्यात म्हणून आम्हीच रेपोत ठेवायला सांगितलेला. म्हणजे चूक त्याची पाव, माझी पाऊण.

उघड्या रेपोंवर नजर ठेवून बसलेले बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, असतात. की दिसली की काही मिनिटांत वापरून बघतात. क्लाउड कंपनीची सूचनेची मेल रात्री पावणेबाराला आली होती, मी ती धनत्रयोदशीच्या पहाटे साडेपाचला बघितली. जिथे आमचं एक गिऱ्हाईक नाही अशा देशांत मोठमोठी मशिन्स चालू होती आणि कोणासाठी तरी क्रिप्टोची डिजिटल नाणी खोदत होती. बिल तीन लाख ऐंशी हजारांवर गेलं होतं. आमची त्या वर्षीची शिल्लक त्याहून कमी होती.

आणि मग मी जे केलं ते कोणी करू नये. मुलाला उठवलं. त्याने ती ओळ खोडली आणि पुन्हा पुश केलं, म्हणजे वर चढवलं. गिटमध्ये खोडलेली ओळ जात नाही, आधीच्या कमिटमध्ये, म्हणजे नोंदवून ठेवलेल्या बदलात, तशीच राहते. उलट नवीन कमिटमध्ये ती लाल रंगात उठून दिसते. मग मी इतिहास पुसायला बसलो. त्यासाठीचं फिल्टर-रेपो हे साधन चालवलं, चुकलं, परत चालवलं. अडीच तास. मशिन्स चालूच.

आठच्या सुमाराला आबांचा फोन. तासगाव रोडचं कोल्ड स्टोअरेज, आमचं तिसरं गिऱ्हाईक, 2009 पासून. सगळे त्यांना आबाच म्हणतात. त्यांची पट्टी छापत नव्हती. मी म्हटलं, "आबा, एक किल्ली हरवलीय, शोधतोय, नंतर करतो." ते म्हणाले, "अवो शोधताय काय? आमच्या चेंबरची किल्ली हरवली तर आदी कुलूप बदलतो आमी. शोधाशोध मागनं."

मी फोन न ठेवताच की रद्द केली. चार क्लिक लागले.

पण ती एकच की 41 गिऱ्हाइकांकडे बसवलेली. रद्द केल्याबरोबर सगळ्यांचे बॅकअप थांबले, मेसेज थांबले, काहींचं पट्टीचं पानच उघडेना. लांबून काही करता येईना, कारण ते दारही त्याच किल्लीचं. मी आणि तो मुलगा दोन दिवस दोन बाइकवर मिरज, कुपवाड, तासगाव, कवठेमहांकाळ फिरलो. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी एका शेठच्या पेढीवर, वह्या पूजेला मांडलेल्या, आणि मी त्यांच्या मागच्या टेबलाखाली वाकून नवीन की टाकतोय. त्यांनी पेढा दिला. तसाच खिशात राहिला.

असं काही झालं की सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेला सहा तासांत कळवायचा नियम त्याच वर्षी एप्रिलमध्ये निघाला होता, आणि लहान उद्योगांना तो 25 सप्टेंबरपासून लागू झालेला, म्हणजे जेमतेम महिना झालेला. आमच्या सीएने सांगितलं तेव्हा कळलं. आम्ही कळवलं, पण सहा तासांत नाही. क्लाउड कंपनीने बरंचसं बिल माफ केलं, त्याला दोन महिने लागले. बाकीचं बायकोच्या पाटल्यांवर भागलं. पाटल्या सोडवल्या आहेत, हे तिने इथे लिहायला सांगितलं आहे.

बिलापेक्षा जास्त दुखलं ते दुसरंच. यार्डाजवळ आमच्याच धंद्यातली एक फर्म आहे. नाव लिहीत नाही, सांगलीतल्यांना कळेल. त्यांचा माणूस भाऊबीजेपासून आमच्या गिऱ्हाइकांकडे फिरायला लागला. "त्यांच्याकडे तुमचा डेटा रस्त्यावर पडलाय. शेतकऱ्यांचे बँक खाते नंबर गेले." आम्ही नोंदी तपासून बघितल्या होत्या, बॅकअपला कोणी हात लावला नव्हता, चोरांना फक्त मशिन्स हवी होती. पण नोंदी कोण वाचतो? पाडव्याला ज्यांच्याकडे चहा प्यायलो त्यातल्या नऊ जणांनी मार्चपर्यंत सॉफ्टवेअर बदललं. एकाने तर आमच्याकडूनच सगळा डेटा एक्सेलमध्ये काढून घेतला आणि तो त्या फर्मला दिला.

आबा हलले नाहीत. त्या माणसाला त्यांनी चहा दिला आणि विचारलं म्हणे, "तुमची किल्ली कुठं असती?" उत्तर आलं नाही.

मग आम्ही बसून स्वतःचं हत्यार बनवलं. व्हीएस कोडचं एक छोटं एक्स्टेन्शन, म्हणजे एडिटरला जोडायचा प्रोग्रॅम, आमच्यापुरतं. कोडमध्ये फक्त कीचं नाव. खरी की सॉप्स आणि एज या कुलूप लावायच्या साधनांनी कुलूपबंद केलेल्या फाइलमध्ये; ती फाइल रेपोत राहिली तरी चालते, कारण एजची खाजगी किल्ली असल्याशिवाय ती उघडत नाही. ती खाजगी किल्ली एडिटरच्या सिक्रेट स्टोरेजमध्ये. ते ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधाराने कुलूपबंद असतं, सेटिंग्जच्या फाइलसारखं उघडं नाही. एफ फाइव्ह दाबलं की एक्स्टेन्शन त्या क्षणी खरी की काढतं आणि चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या हातात देतं. डिस्कवर काही उतरत नाही. स्क्रीन शेअर करताना नाव दिसतं, पुढे ठिपके.

यातलं सगळ्यात किचकट काम टर्मिनलचं, म्हणजे एडिटरमधल्या आज्ञा टाइप करायच्या खिडकीचं, निघालं. एक्स्टेन्शनने टर्मिनलला दिलेली व्हेरिएबल्स, म्हणजे की वगैरे, एडिटर स्वतःहून सांभाळून ठेवतो, खिडकी बंद करून उघडली तरी परत देतो. त्याला पर्सिस्टंट म्हणतात आणि ते मुळातच चालू असतं. बंद करायला एक शब्द लिहावा लागतो. तो शब्द सापडायला आम्हाला अकरा दिवस लागले.

दुसरी गोष्ट, 2022 च्या मार्चपासून एडिटर प्रत्येक सेव्हची प्रत स्वतःकडे ठेवतो, लोकल हिस्टरी. कोणाचं काम वाचवायला चांगलंच आहे. पण तुम्ही डॉट ईएनव्ही उघडली, की चिकटवली, सेव्ह केली, घाबरून फाइल उडवली, तरी प्रत तिथे बसलेली. आमच्या चार लॅपटॉपवर जुन्या कीच्या सतरा प्रती सापडल्या. सगळ्या मेलेल्या, तरी अंगावर काटा आला.

कमिटच्या दारावर हूक म्हणून गिटलीक्स, म्हणजे कोडमध्ये की राहिली का ते तपासणारं साधन, बसवलं आहे. पण पोरं घाईत नो-व्हेरिफाय, म्हणजे 'तपासू नको' हा शब्द, लावून दाराला वळसा घालतात, म्हणून तीच तपासणी सर्व्हरवर परत. जो कोणी हे वाचून नुसता हूक बसवून निवांत होईल त्याला सांगतो, होऊ नका. आणखी सांगायचं तर, वाट्टेल ती एक्स्टेन्शन टाकू नका. एडिटरमधलं एक्स्टेन्शन तुमच्याच अधिकारात चालतं, तुम्हाला वाचता येणारी प्रत्येक फाइल त्याला वाचता येते. रंगीत थीमसाठी अनोळखी माणसाला घरात घ्यायचं का, ते बघा. एआयवाले सहायक आले आहेत त्यांचंही तेच. उघडी फाइल ते वाचतात आणि बाहेर पाठवतात, तेव्हा किल्ली फाइलमध्ये नसलेलीच बरी. आणि मुलांना पगार वेळेवर द्या. याचा कीशी संबंध नाही असं वाटेल, पण आहे.

आता प्रत्येक गिऱ्हाइकाची की वेगळी, अधिकार तेवढ्यापुरता, दर तिमाहीला बदल. आमच्या मुलांच्या हातात फक्त चाचणीची की. खरी की सर्व्हरवरून हलत नाही. मलाही दिसत नाही, याचा मला अभिमान आहे.

गेल्या वर्षी त्या नऊमधले चौघे परत आले. त्यातल्या एकाच्या संगणकावरून यार्डाजवळच्या फर्मचं सॉफ्टवेअर काढताना त्यांच्या फोल्डरमध्ये एक कॉन्फिग फाइल दिसली. उघडली. डेटाबेसचा पासवर्ड, मेसेजची की, सगळं साध्या अक्षरांत. मी फोटो काढला नाही, कोणाला सांगितलंही नाही. त्यांच्या मालकाला फोन करून म्हटलं, बदलून घ्या. तो म्हणाला, "तुम्ही आमच्या फाइली कशाला उघडता?"

बाकीचे पाच आले नाहीत. ज्याने एक्सेल काढून नेलं तो अजून यार्डात भेटला की मोबाइलमध्ये बघतो. त्याच्याकडे 2021-22 ची वार्षिक फी 6,500 येणे आहे. झिरो पेमेंटला दरवर्षी त्याच्या नावाची पट्टी काढतो, त्याच डॉट मॅट्रिक्सवर.