रबाईच्या मंडळीत एक रविवार

रबाई हे केनियात मोंबासाजवळचं गाव. तिथल्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पाळकांचा सकाळी साडेदहाला फोन आला तेव्हा आमच्यातले दोघे अजून अंघोळीच्या रांगेत होते. "कुठवर आलात? तिसरं गीत चालू आहे."

चूक आमचीच. आदल्या दिवशी निरोप आला होता, 'इबादा सा न्ने'. इबादा म्हणजे भक्ती, सा म्हणजे तास, न्ने म्हणजे चार, एवढं आमच्या एका हुशार भावानं मोबाईलवर शोधून ठेवलं, आणि आम्ही निवांत झालो. दुपारी चारची भक्ती! पण तिथल्या स्वाहिली भाषेत तास मोजतात ते सूर्योदयापासून. सकाळचे सात म्हणजे पहिला तास, म्हणून 'सा न्ने' म्हणजे दहा. केनियात कुणीही वेळ सांगितली की सकाळ की दुपार, आणि घड्याळात किती, हे उलटून विचाराच.

महाराष्ट्रातून गेलेले आम्ही सहा जण मोंबासात उतरलो होतो. तिथून मझेरासपर्यंत मटाटू, म्हणजे आपली वडाप; पुढे रबाईपर्यंत बोडाबोडा, म्हणजे मोटारसायकलच्या मागे बसून. साडी नेसलेल्या आमच्या दोघी मावश्या त्या मोटारसायकलींवर कशा बसल्या हा वेगळा अध्याय आहे. रविवारी तरी गाडी ठरवूनच जा. नैरोबीहून येणार असाल तर मोंबासाची रेल्वे चांगली आहे, पाच-सहा तास लागतात, पण तिकीट आधी काढावं लागतं.

पोचलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. पत्र्याचं छप्पर, बाहेर नारळीची झाडं. दाराशी आम्ही सवयीनं चपला काढल्या, तर दाराजवळचे वडील हसत सुटले आणि खुणेनं म्हणाले, घाला घाला. संदेश आमच्यासाठी थांबवून ठेवला होता. भक्ती सुटली ती दोन वाजता, आणि ती लवकर सुटली असं नंतर कळलं.

पाहुण्यांना पुढे बोलावून उभं करतात. हे टळत नाही. 'ब्वाना असिफिवे' म्हणायचं, म्हणजे प्रभूची स्तुती असो, की अख्खी मंडळी 'आमेन' म्हणते. मग नाव आणि कुठून आलो, बस. आमच्या एका भावानं तिथंच दहा मिनिटांची साक्ष दिली. दुभाष्यामुळे वीस झाली.

दुभाष्यामुळे माझंही तेच झालं. वीस मिनिटांचा संदेश लिहून नेला होता, तो चाळीसवर गेला. त्यात गव्हाच्या दाण्याचा दाखला घेऊन मी पेरणी सांगायला लागलो, पाभर कशी चालते वगैरे, तर दुभाषी माझ्याकडे नुसता बघत राहिला. शेवटी त्यानं मका लावण्याबद्दल दोन वाक्यं सांगितली आणि लोक खदखदून हसले. कशाला ते मला अजून कळलेलं नाही. तेव्हा निम्मा संदेश न्या, वाक्यं आखूड ठेवा, आणि आदल्या संध्याकाळी दुभाष्याबरोबर एकदा वाचून घ्या.

गाण्यांबद्दल मात्र काय सांगू! कायांबा नावाचं वाद्य तिथं पहिल्यांदा जवळून पाहिलं. बोरूसारख्या काड्या जवळजवळ बांधलेली चपटी पेटी, आत बिया. बाई ती दोन्ही तळव्यांत आडवी धरून इकडून तिकडे हलवते आणि मध्येच अंगठ्यानं ठोका देते. सुपात धान्य पाखडल्यासारखा आवाज, पण तालात. आम्ही कीबोर्डचा ट्रॅक पेनड्राइव्हवर नेला होता, तो तसाच परत आणला. प्रभूची प्रार्थना सुरू झाली तेव्हा पहिलाच शब्द कानावर आला तो 'बाबा'. 'बाबा येतू', आमच्या बाबा. आमच्या मावशींनी तिथंच डोळ्याला पदर लावला.

अर्पणाला सगळे नाचत पुढे जातात. ज्यांच्याकडे पैसे नसतात ते वस्तू आणतात, आणि भक्तीनंतर बाहेर तिचा लिलाव होतो. त्या दिवशी नारळ, अंडी, पपया आणि पाय बांधलेली एक तांबडी कोंबडी होती. मी गंमत म्हणून एकदा हात वर केला आणि कोंबडी माझी झाली. ती काखेत धरून काय करायचं कळेना, तेव्हा एका बहिणीनं कानात सांगितलं, कुणाला तरी देऊन टाका, तशीच रीत आहे. पुढच्या बाकावरच्या आजींना दिली. म्हणून सुटे शिलिंग जवळ ठेवा. बाकी सगळे एम-पेसानं, म्हणजे मोबाईलवरून देतात. पासपोर्ट दाखवून तिथलं सिमकार्ड घेतलं की तुम्हालाही देता येतं.

जेवताना पाळकांनी विचारलं, "नाशिक तुमच्याच राज्यात ना?" मला वाटलं द्राक्षांबद्दल बोलतायत. ते बोलत होते शरणपूरबद्दल. अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथल्या मिशनमध्ये वाढली, लिहायला-वाचायला, सुतारकाम-लोहारकाम शिकली. त्यातले विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर 1864 मध्ये या रबाईत कामाला आले. क्राफ आणि रेबमान या जर्मन मिशनऱ्यांनी 1846 मध्ये सुरू केलेल्या ठाण्यावर. पुढे 1875 च्या सुमारास मोंबासाजवळ फ्रिअरटाऊन वसलं, मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावानं, तिथंही ही 'बॉम्बे आफ्रिकन' मंडळी होती. आपण इथं पहिल्यांदा काहीतरी घेऊन आलोय ही आमची ऐट त्या जेवणातच उतरली. जाणाऱ्यांनी रबाईतलं क्राफ स्मारक संग्रहालय आणि मोंबासातला केंगेलेनीचा घंटेचा मनोरा बघून घ्यावा. केंगेले म्हणजे घंटा.

कागदपत्रांचं थोडक्यात. केनियासाठी 2024 पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाची इलेक्ट्रॉनिक परवानगी, काढावं लागतं. आठवडाभर आधी भरा. भक्तीला बसणं वेगळं आणि प्रचारसभा किंवा दवाखान्याचं शिबिर घेणं वेगळं. डॉक्टर नेणार असाल तर तिथल्या वैद्यकीय परिषदेची तात्पुरती परवानगी लागते, हे यजमान मंडळीकडून आधीच करून घ्या. प्लास्टिकच्या पिशव्यांना 2017 पासून सक्त बंदी आहे, फराळ डब्यातून न्या. किनाऱ्यावर मलेरिया आहे, गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी सरकारी केंद्रात घ्या. तो दाखला खरा लागतो तो परत येताना, आपल्याच विमानतळावर. नसेल तर सहा दिवसांपर्यंत अलग ठेवू शकतात.

आणि नाटुकलं बसवून नेऊ नका. आम्ही महिनाभर तालीम केली होती, ते करायला कुणी सांगितलंच नाही. आमच्यातला इलेक्ट्रिशियन भाऊ मात्र सोमवारी दिवसभर त्यांच्या अँप्लिफायरच्या वायरी बघत बसला होता, आणि निघताना पाळकांनी फक्त त्याचा नंबर मागून घेतला.