टाचण बाजूला ठेवलेला तास

मंगळवार, रात्र

आज तिसरी आणि चौथी तासिका जोडून मिळणार, म्हणजे सलग ८० मिनिटे हाती असणार, हे गृहीत धरून मी सहावीसाठी दशांश अपूर्णांकांच्या तुलनेचे टाचण काढले होते. गटांना वाटण्यासाठी शंभर चौकटींचे कागद, त्यांत रंग भरणे आणि शेवटी प्रत्येक गटाचे सादरीकरण, असा बेत होता. वर्गाकडे निघताना सूचना आली की चौथी तासिका दुसऱ्या कामासाठी घेतली आहे, आणि खोली बदलल्यामुळे गटात बसण्याची सोयही उरली नाही. हातात राहिली ३५ मिनिटे आणि एक फळा.

पहिला विचार आला तो भरभर बोलण्याचा. मागच्या वर्षी अशाच एका दिवशी मी तसे केले होते. टाचणातला प्रत्येक मुद्दा उरकला आणि पुढच्या चाचणीत दिसले की मुलांपर्यंत त्यातले जवळजवळ काहीच पोहोचले नव्हते. म्हणून आज दारातच स्वतःला विचारले, या टाचणातली कोणती एक गोष्ट राहिली तर उद्याचा तास उभाच राहणार नाही? उत्तर स्पष्ट होते. ०.३५ आणि ०.४ यांत मोठी संख्या कोणती, आणि का.

वर्गात गेल्यावर बदल काय झाला ते आधी मुलांना सरळ सांगितले आणि आज काय करणार ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहिले. ठरलेला क्रम मोडला की एका मुलाला फार अस्वस्थ वाटते, त्याच्या बाकाजवळ जाऊन त्याला वेगळे सांगितले. बदल आपल्याला जसा अचानक भेटतो तसाच तो मुलांनाही भेटतो, हे घाईत विसरले जाते.

प्रश्न विचारल्यावर अपेक्षेप्रमाणे बहुतेक हात ०.३५ साठी वर झाले, कारण ३५ हे ४ पेक्षा मोठे. पूर्ण संख्यांची सवय दशांश चिन्हाच्या उजवीकडेही तशीच चालू राहते. मी फळ्यावर दहा उभ्या पट्ट्यांचा, शंभर चौकटींचा एकच मोठा चौरस काढला. ०.४ साठी चार पट्ट्या एका मुलीने रंगवल्या, ०.३५ साठी दुसऱ्याने तीन पट्ट्या आणि वर पाच चौकटी यांभोवती जाड रेघ ओढली. वर्ग शांत झाला. तेवढ्यात मागून प्रश्न आला, “बाई, मग ०.४ च्या शेवटी शून्य लिहिले तर संख्या दहापट होते का?”

हा प्रश्न माझ्या टाचणात नव्हता, पण माझ्या साऱ्या कृतींपेक्षा तो अधिक नेमका होता. मी उत्तर दिले नाही, थांबले. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गसंवादांच्या अभ्यासातून दाखवले होते की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि ही वाट तीन सेकंदांपर्यंत नेली तर मुलांची उत्तरे अधिक सविस्तर होतात. हे मला पूर्वीपासून माहीत होते. तरी भरगच्च टाचण हातात असताना तीन सेकंद मला कधीच परवडले नाहीत. आज परवडले. मुलांचे दोन तट पडले, वाद झाला, आणि शेवटी एकाने फळ्यापाशी येऊन चार पट्ट्यांतल्या चौकटी मोजल्या. चाळीस. चार दशांश म्हणजेच चाळीस शतांश, हे त्यानेच वर्गाला सांगितले.

चढता क्रम लावणे राहिले, सादरीकरण राहिले, आणि त्याची मला खंतही आहे, कारण शांत स्वभावाच्या मुलांना बोलते करणारा भाग तोच होता. आयत्या वेळच्या बदलांचे मला कौतुक करायचे नाही. आधी कळवता येण्यासारखे बदल आधी कळवलेच पाहिजेत. शिवाय मूळ टाचण कसून काढलेले होते म्हणूनच त्यातले काय सोडावे ते मला दारात उभे राहून ठरवता आले. तयारीविना गेले असते तर तो तास नुसता निघून गेला असता.

उद्याचे टाचण आत्ताच लिहिले. सुरुवात ०.४०९ आणि ०.४१ या जोडीने करायची आहे. पूर्ण वेळ मिळाला तर गटांत कागदांवर, नाही तर फळ्यावरच्या त्याच चौरसातली एक चौकट दहा भागांत मोठी करून. समासात दोन्हींची मिनिटे लिहून ठेवली आहेत.